पाणी सरकलं की पृथ्वीची गिरकी बदलते: गुरुत्वाकर्षण मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूजल संपत चाललंय असा लालभडक नकाशा ग्रुपवर फिरला की दोन दिवस माझा फोन वाजत राहतो. मधूनच "माणसाने पाणी उपसून पृथ्वीची आस वाकडी केली" अशी बातमी येते, मग अजून दोन दिवस. माझं काम याच डेटावर चालतं, त्यामुळे लोक मलाच विचारतात, आणि प्रश्न दरवेळी तेच. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. क्रमाने वाचलंत तर बरं, नाही वाचलंत तरी काही बिघडत नाही.

गुरुत्वाकर्षण बदलतं? शाळेत तर ९.८ पाठ केलं होतं

९.८ बरोबरच आहे, पण ते भाजीवाल्याच्या "किलोभर" सारखं, साधारण. विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३. पृथ्वी कमरेत सुटलेली आहे, म्हणजे विषुववृत्ताची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त, आणि वर ती फिरतेय, त्यामुळे हा फरक पडतो. ६० किलोचा माणूस स्प्रिंगच्या काट्यावर ध्रुवापाशी उभा राहिला तर विषुववृत्तापेक्षा ३०० ग्रॅमने जड भरेल.

हा झाला जागेनुसार फरक. आपल्याला इथे हवाय तो काळानुसार पडणारा फरक, म्हणजे त्याच जागी जूनमध्ये किती आणि सप्टेंबरात किती. पावसाने मोठ्या भागात जमीन १० सेंटीमीटर पाण्याएवढी जड झाली तर त्या ६० किलोच्या माणसाचं वजन साधारण पाव मिलिग्रॅमने वाढतं. तेव्हा पावसाळ्यात वाढलेलं वजन भज्यांचंच आहे.

एवढासा फरक मोजून करायचं काय?

कॅमेऱ्याच्या उपग्रहाला जमिनीचा वरचा थर दिसतो. रडार असलं तर अजून थोडं. पण दोनशे फुटांवरचं बोअरचं पाणी यातल्या कशालाच दिसत नाही. वजन मात्र लपत नाही, पाणी खडकात मुरलेलं असो, धरणात असो, बर्फ होऊन बसलेलं असो, त्याची ओढ वरपर्यंत पोचतेच. हाच या पद्धतीचा फायदा, आणि खरं सांगायचं तर हाच तोटापण, कारण ओढ लागली एवढं कळतं, कशाची लागली ते कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

५०० किमी वरून जमिनीखालचं पाणी कळतं कसं?

ग्रेस नावाची मोहीम होती, नासा आणि जर्मनी यांची मिळून, १७ मार्च २००२ ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून उडाली. एकसारखे दोन उपग्रह, एकामागे एक, मध्ये साधारण २२० किमी अंतर, आणि लोकांनी त्यांना लाडाने टॉम आणि जेरी नाव ठेवलेलं. ते खाली जमिनीचा फोटोबिटो काहीच काढत नव्हते. फक्त मायक्रोवेव्ह लहरींनी एकमेकांमधलं अंतर मोजत होते, तेही एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास अचूक, केसाची जाडी त्याच्या पन्नास-शंभरपट असते.

आता यात गुरुत्वाकर्षण कुठून आलं? घाटात पुढेमागे चाललेल्या दोन गाड्या डोळ्यासमोर आणा. पुढची गाडी उताराला आधी लागते, ती सुटते, अंतर वाढतं. मग मागचीपण उताराला लागते आणि अंतर परत कमी होतं. तसंच खाली जड काही आलं, समजा पाण्याने भरलेलं मोठं खोरं, की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, तो त्या खोऱ्याच्या पलीकडे गेला की त्याला मागे ओढ लागते आणि मागच्याला पुढे. अंतराच्या या चढउतारावरून खाली वजन कसं पसरलंय याचा हिशेब उलटा मांडायचा. हवेचं घर्षण आणि सूर्यप्रकाशाचा दाब यांनी पण उपग्रह हलतात, म्हणून प्रत्येकाच्या बरोबर मध्यभागी एक ॲक्सेलरोमीटर, म्हणजे असे धक्के मोजणारं यंत्र, बसवलेला, तो जेवढं दाखवेल तेवढं वजा करायचं.

ग्रेस ऑक्टोबर २०१७ ला संपलं, बॅटरी गेली. तिचा वारस ग्रेस-एफओ २२ मे २०१८ ला उडाला, त्यात मायक्रोवेव्हच्या जोडीला लेझरनेही अंतर मोजतात.

दर महिन्याचाच नकाशा का? रोजचा का नाही?

उपग्रह दिवसाला पंधरा-सोळा फेऱ्या मारतो, अख्खी पृथ्वी पुरेशी दाट विंचरून व्हायला महिना लागतो. त्या महिन्यात भरती-ओहोटी आणि हवेचा दाब बदलतच असतात, ते मॉडेलने वजा करतात आणि जे नीट वजा होत नाही त्याच्या उत्तर-दक्षिण पट्ट्या नकाशावर उमटतात. कच्चा नकाशा पाहिलात तर इस्त्री न केलेल्या चट्ट्यापट्ट्याच्या शर्टसारखा दिसतो. त्या पट्ट्या काढण्यातच लोकांच्या पीएचड्या झाल्यात.

पंजाब-हरियाणाचं पाणी संपतंय ही बातमी खरी होती का?

हो, आणि माझ्या मते ग्रेसने केलेल्या कामांत ही सगळ्यात महत्त्वाची साक्ष. मॅट रोडेल, इसाबेला वेलिकोन्या आणि जेम्स फॅमिग्लिएटी यांनी २००९ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं की राजस्थान, पंजाब, हरियाणा (दिल्ली धरून) या पट्ट्यातून वर्षाला सरासरी १७.७ घन किलोमीटर भूजल कमी होतंय, साडेचार इकडे-तिकडे धरून. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ मिळून १०९ घन किलोमीटर.

घन किलोमीटर म्हटलं की आपल्याला काही बोध होत नाही, आपल्याला टीएमसी कळतं. १७.७ घन किलोमीटर म्हणजे साधारण ६२५ टीएमसी. कोयना काठोकाठ १०५ टीएमसी. म्हणजे दर वर्षी सहा कोयना जमिनीखालून गायब, आणि त्या काळात पाऊस काही विशेष कमी नव्हता, जवळपास नेहमीसारखाच होता. म्हणजे दुष्काळावर ढकलायची सोय नाही, हा उपसाच.

आता वरचं वाक्य आठवा. ग्रेसने सांगितलं की वजन एवढं कमी झालं. त्यातून मातीतला ओलावा वगैरे मॉडेलने वजा करून उरलं ते भूजल. वजाबाकी जेवढी चांगली तेवढं उत्तर चांगलं, आणि म्हणून तो साडेचारचा इकडे-तिकडे.

माझ्या तालुक्याचा नकाशा मिळेल का?

नाही. कोणी देत असेल तर घेऊ नका.

ग्रेसची नजर ३००-४०० किमीची आहे. अख्खा मराठवाडा, आठ जिल्हे मिळून ६५ हजार चौरस किमीच्या आसपास, तोपण तिच्या एका ठिपक्यात धड बसतो न बसतो. गोंधळ होतो तो असा: डेटा डाउनलोड केला की अर्ध्या अंशाचे, काही ठिकाणी पाव अंशाचे छोटे छोटे चौकोन मिळतात, त्यामुळे वाटतं की वा, ५० किलोमीटरचा तपशील आहे. पण नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या डेटात खरे तुकडे ४,५५१ आहेत आणि प्रत्येकाचा व्यास ३ अंश, म्हणजे मुंबई ते संभाजीनगर रस्त्याने जेवढं अंतर साधारण तेवढा. छोटे चौकोन नुसते वरून आखलेले.

हे मी इतक्या ठासून सांगतोय कारण हा गाढवपणा मी स्वतः केलाय. नवीन असताना एका कार्यशाळेत तालुकावार रंगवलेला नकाशा दाखवला, छान दिसत होता, आणि मागच्या रांगेतले एक वयस्कर भूजलवाले उठून म्हणाले, "हे दोन तालुके शेजारी आहेत, एकात बेसाल्ट आहे आणि एकात गाळाची जमीन, तुमच्या नकाशात दोघांचं पाणी दशांशापर्यंत सारखं कसं?" सारखं असणारच, एकाच तुकड्याचे दोन चौकोन ते. त्या दिवशी चहाला मी बाहेर गेलो तो परत आत आलोच नाही.

विहिरीची पातळी हवी असेल तर विहिरीत टेप सोडा, दुसरा उपाय नाही.

यात पृथ्वीच्या फिरण्याचा काय संबंध?

मंगळागौरीची फुगडी आठवा. दोघी हात ताणून मागे रेललेल्या असतात तेव्हा गती बेताची, आणि हात आखडून जवळ आल्या की गरगर वाढते. वजन आसाजवळ आलं की गिरकी वाढते, लांब गेलं की मंदावते. पृथ्वीचंही तेच. ध्रुवाकडचा बर्फ वितळून पाणी समुद्रात पसरलं की वजन कमरेकडे गेलं, दिवस किंचित लांबला.

दुसरी गोष्ट, वजन एका बाजूला जास्त झालं की आस सरकते. भोवऱ्याला एका अंगाला मेण चिकटवून बघा, डुलायला लागतो.

मुद्दा असा की वजन कसं पसरलंय याच्या ज्या आकड्यांनी गिरकी ठरते, त्याच आकड्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या नकाशातल्या सगळ्यात मोठ्या, जगभर पसरलेल्या लाटाही ठरतात. नेमके तीन आकडे दोन्हीकडे सामाईक आहेत. एक चपटेपणाचा, ज्याला जे-टू म्हणतात, तो दिवसाच्या लांबीशी जोडलेला. बाकीचे दोन आस कुठे सरकली याच्याशी जोडलेले. म्हणजे एकाच घटनेचे दोन साक्षीदार, एक वरून उडणारा आणि एक पृथ्वी स्वतः. एकमेकांना न विचारता दोघांनी तेच सांगितलं तर विश्वास ठेवायचा.

आस सरकते म्हणजे ध्रुवतारा हलतो का?

नाही, ते वेगळं प्रकरण. ती परांचन गती, २६ हजार वर्षांचं चक्र, तिच्यामुळे मकरसंक्रांत शतकानुशतकं तारखेने पुढे सरकत आलीय. इथे आस आकाशात जवळपास तिथेच असते, पृथ्वीचं अंग तिच्याभोवती सरकतं, म्हणजे उत्तर ध्रुवाच्या बर्फावर तुम्ही आस जिथून बाहेर येते तिथे खिळा ठोकलात तर वर्षभराने आस खिळ्यापासून काही मीटर लांबून बाहेर येत असेल.

यात दोन डुलण्या एकात एक आहेत. एक वर्षाची, ऋतूंमुळे. दुसरी ४३३ दिवसांची, १८९१ मध्ये सेथ चँडलर या अमेरिकनाने शोधली. मजा म्हणजे गणितज्ञ ऑयलरने पूर्वीच गणिताने सांगून ठेवलं होतं की असं डुलणं असेल तर ३०५ दिवसांचं असेल, त्यामुळे सगळे ३०५ शोधत बसले आणि सापडत नव्हतं. चँडलर हा विमा कंपनीत नोकरी करून खगोल बघणारा माणूस, त्याने ऑयलरला बाजूला ठेवून आकड्यांकडे बघितलं. पुढे सायमन न्यूकॉम्बने खुलासा केला की ऑयलरने पृथ्वी दगडासारखी कडक धरली होती, खरी पृथ्वी थोडी लवते, समुद्रही हलतो, म्हणून वेळ वाढतो.

१८९९ पासून तर याच एका कामासाठी जगभर ३९ अंश ८ कला या एकाच अक्षांशावर सहा वेधशाळा बसवल्या होत्या, जपानमध्ये मिझुसावा, इटलीत कार्लोफोर्ते, अमेरिकेत तीन आणि तुर्कमेनिस्तानात एक. रोज रात्री तेच तारे बघायचे आणि आपला अक्षांश किती हलला ते लिहायचं, वर्षानुवर्षं. त्या वह्या नसत्या तर विसाव्या शतकात ध्रुव वर्षाला १० सेंटीमीटरच्या आसपास कॅनडाच्या दिशेने सरकत होता हे आज कळायला मार्ग नव्हता.

आता हे मोजतात कसं?

क्वेसारांकडे (म्हणजे इतक्या लांबच्या तेजस्वी दीर्घिका, की आकाशात जागच्या हलताना दिसत नाहीत) हजारो किलोमीटरवरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी रोखून (हे व्हीएलबीआय), शिवाय जीपीएस, शिवाय लेझर. ध्रुवाची जागा आता मिलिमीटरच्या हिशेबात कळते. जीपीएसची एक गंमत आहे, तिला रोजच्या दिवसाची लांबी कळते, पण पृथ्वी एकूण किती फिरली हे ती स्वतःच्या जोरावर फार काळ धरून ठेवू शकत नाही, कारण तिच्या उपग्रहांच्या कक्षासुद्धा हळूहळू वळत असतात. चालत्या गाडीत बसून शेजारची गाडी किती पळाली हे सांगण्यासारखं आहे ते. त्यासाठी बाहेरचा न हलणारा खांब लागतो, तो खांब म्हणजे क्वेसार.

पाणी उपसून आपण पृथ्वी कलवली, ही बातमी?

"कलवली" हा शब्द पेपरवाल्यांचा. २३.५ अंशांचा जो कल आहे, ज्याने ऋतू होतात, त्याला काहीही झालेलं नाही. सरकलाय तो वर सांगितलेला खिळ्यावरचा ध्रुव.

आता खरं काय ते. २००० च्या आसपास ध्रुवाने वाट बदलली, कॅनडा सोडून पूर्वेला वळला. सुरेंद्र अधिकारी आणि एरिक आयव्हिन्स यांनी २०१६ मध्ये ग्रेसचे आकडे घेऊन दाखवलं की ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या बर्फाने हे पुरतं जमत नाही, भारतीय उपखंड आणि कॅस्पियनच्या भागातलं कमी झालेलं पाणी धरलं की हिशेब लागतो. मग २०२३ मध्ये की-वेओन सिओ आणि सहकाऱ्यांनी उलट्या बाजूने धरलं. १९९३ ते २०१० मध्ये २,१५० अब्ज टन भूजल उपसलं गेलं असा एक अंदाज आधीपासून होता, पण तो मॉडेलचा, त्याला प्रत्यक्ष पुरावा तोकडा. त्यांनी ध्रुवाच्या सरकण्याचा हिशेब मांडला, बर्फ, धरणं, सगळं धरून, आणि तो जुळेना. हा भूजलाचा आकडा टाकला तेव्हाच जुळला. त्यातलं भूजलाचं ढकलणं वर्षाला ४.३६ सेंटीमीटर. बघा, ग्रेस २००२ मध्ये आलं, त्याच्या आधीच्या नऊ वर्षांबद्दल बोलायला वरचा साक्षीदार जन्मलाच नव्हता, तिथे पृथ्वीच्या डुलण्याने साक्ष दिली. मला या विषयात आवडतं ते हेच.

आणि यात आपल्या वायव्य भारताचं नाव वर का येतं? नुसतं पाणी जास्त उपसतो म्हणून नाही. वजन विषुववृत्तावर किंवा ध्रुवावर कमी-जास्त झालं तर आस बाजूला ढकलली जात नाही, ४५ अंशाच्या आसपास झालं तर सगळ्यात जास्त ढकलली जाते. पंजाब ३०-३१ अंशावर, तिथे अजून बराच जोर लागतो. तेवढंच पाणी केरळात उपसलं असतं तर ध्रुवाला ते एवढं जाणवलं नसतं.

ग्रहणाच्या जुन्या नोंदींवरूनही हे कळतं म्हणे?

कळतं, आणि जरा सावकाश वाचा. चंद्राच्या भरती-ओहोटीमुळे पृथ्वी मंदावतेय. त्या हिशेबाने दिवस शतकाला २.४ मिलिसेकंदांनी लांबायला हवा. दिसायला कमी वाटतं, पण रोजचं थोडं थोडं मागे पडणं साचत जातं. १५ एप्रिल इ.स.पू. १३६ ला बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या विटेवर आहे. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरत आली असती तर ते ग्रहण तिथे दिसलंच नसतं, साधारण ४९ अंश पश्चिमेला, स्पेनच्या बाजूला दिसलं असतं. म्हणजे सव्वातीन तासांचा फरक.

अशा बॅबिलोनी, चिनी, अरबी नोंदी जमवून रिचर्ड स्टीफनसन आणि लेस्ली मॉरिसन यांनी आयुष्यं घातली, आणि उत्तर आलं शतकाला १.८ मिलिसेकंदांच्या आसपास. २.४ हवं होतं, मिळालं १.८. मधला फरक कोणी खाल्ला?

उत्तर हिमयुगात आहे. कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावर किलोमीटरच्या किलोमीटर बर्फ बसला होता, तो गेला, आणि दबलेली जमीन अजून वर येतेय, स्वीडन-फिनलंडच्या मधल्या बॉथ्नियाच्या आखातापाशी वर्षाला जवळपास १ सेंटीमीटर. खालचा खडक ध्रुवाकडे सरकतोय, पृथ्वी गोल होतेय, फुगडीतले हात आखडतायत, म्हणून गती थोडी सावरली. आणि पृथ्वी गोल होतेय तर जे-टू कमी व्हायला हवा. तोच १९८३ मध्ये लॅजिओस उपग्रहाच्या कक्षेवरून चार्ल्स योडर आणि सहकाऱ्यांना कमी होताना सापडला. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची वीट आणि एक धातूचा गोळा, दोघांचं म्हणणं एक.

लॅजिओस काय आहे? आणि ग्रेस असताना त्याची गरज काय?

६० सेंटीमीटरचा, चारशे किलोच्या आसपासचा गोळा, वर ४२६ प्रिझम जडवलेले, मे १९७६ मध्ये सोडला, ५,९०० किमी उंचीवर. आत बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, बिघडायला काही नाहीच. जमिनीवरून लेझर मारायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पृथ्वीच्या सुटलेल्या कमरेमुळे त्याची कक्षा रोज साधारण एक तृतीयांश अंश वळते, त्या वळण्यात बदल झाला की कमरेत बदल झाला. आत कार्ल सेगन यांनी आखलेली पाटी आहे, खंड कुठून कुठे सरकतील ते दाखवणारी, कारण हा गोळा खाली पडायला ८० लाख वर्षं लागणार.

ग्रेसला बारीक तपशील छान दिसतो, पण अख्ख्या पृथ्वीचा चपटेपणा, म्हणजे सगळ्यात लांब लाट, तिथे ते कच्चं आहे. दोन गाड्यांमधलं अंतर २२० किमी, त्यांना सगळ्या पृथ्वीएवढा उतार कसा नीट जाणवणार. म्हणून ग्रेसचा डेटा वापरताना त्याचा जे-टू काढून टाकतात आणि लेझरवाल्या गोळ्यांचा बसवतात. ही पायरी विसरलात तर अंटार्क्टिकाचा बर्फ भलताच निघतो. विद्यार्थ्यांचा हा नेहमीचा घोळ आहे, आकडे विचित्र आले की मी आधी हेच विचारतो.

१९९८ ला नक्की काय झालं होतं?

जे-टू वीस वर्षं छान कमी होत होता आणि १९९८ च्या सुमारास एकदम वाढायला लागला. पृथ्वी परत कमरेत सुटायला लागली. कॉक्स आणि चाओ यांनी २००२ मध्ये सायन्स मध्ये हे छापलं तेव्हा बरीच डोकी खाजवली गेली, समुद्राचं पाणी सरकलं का, हिमनद्या का, गाभ्यात काही झालं का. नंतर ग्रेसमुळे बर्फाचा वेगळा हिशेब हातात आला. २०११ मध्ये नेरेम आणि वार यांनी दाखवलं की ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ इतक्या वेगाने जातोय की हिमयुगाची सावरासावर त्याने खाऊन टाकली. नुसतं ग्रीनलंड सांगायचं तर ग्रेसच्या काळात वर्षाला सरासरी २७०-२८० अब्ज टन, आपल्या भाषेत नव्वदच्या वर कोयना.

दिवसाच्या लांबीवरूनही तेच निघालं. २०२४ च्या एका अभ्यासात २००० पासून हवामानबदलाने दिवस शतकाला १.३३ मिलिसेकंद या दराने लांबतोय असं आलंय, मागच्या अख्ख्या शतकात हा दर १ च्या वर गेला नव्हता.

मग नुसत्या फिरण्यावरूनच सगळं का काढत नाही? उपग्रहाचा खर्च वाचेल

कारण हा साक्षीदार बडबड्या आहे. दिवसाची लांबी वर्षभरात जी खालीवर होते ती मुख्यतः वाऱ्यामुळे. वारा पूर्वेकडे जोरात वाहिला की जमीन मंदावते. १९८२-८३ च्या एल निनोत दिवस चक्क मिलिसेकंदाच्या आसपास लांबला होता, आणि त्यात वजन कुठे सरकलं याचा वाटा नगण्य. त्याच्या खाली अजून एक आवाज, पृथ्वीचा वितळलेला गाभा आणि वरचं कवच यांची ओढाताण, ती दशकानुदशकं चालते आणि काही मिलिसेकंदांची असते. एवढ्या गोंगाटात जे-टूचा आवाज ऐकायचा म्हणजे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची.

आस सरकण्याचं मात्र बरं आहे. तिथे वाऱ्याचा त्रास तुलनेने कमी, वजनाचा वाटा जास्त, म्हणून ते दोन आकडे पृथ्वीच्या डुलण्यावरून चांगले निघतात, जियानली चेन आणि क्लार्क विल्सन यांनी टेक्सास विद्यापीठात असताना यावर बरंच काम केलंय. पण तीनच आकडे. तीन आकड्यांत पंजाब कुठे आणि ग्रीनलंड कुठे हे वेगळं करता येत नाही, घरातल्या सगळ्यांचं मिळून वजन कळलं म्हणून कोण जाड झालं ते थोडंच कळतं. त्यासाठी वरचाच लागतो.

आणि वरचा नसतो तेव्हा? २०१७ च्या मध्यापासून (ग्रेसची मोजणी मोहीम संपण्याआधीच थांबली होती) २०१८ च्या मध्यापर्यंत दोन ग्रेसच्या मध्ये जवळपास वर्षभराची फट आहे. तेव्हाही लेझरचे गोळे आणि ध्रुवाची नोंद चालूच होती.

भूकंपाने दिवस लहान होतो ते मोजलंय का?

मोजलेलं नाही, काढलेलं आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाने दिवस २.६८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला हे नासाच्या रिचर्ड ग्रॉस आणि बेंजामिन चाओ यांचं गणित. एवढा बारीक फरक वाऱ्याच्या गोंगाटात कोणाच्याच यंत्राला दिसत नाही. त्याच भूकंपाने अंदमानच्या बाजूला गुरुत्वाकर्षणात पडलेला फरक मात्र ग्रेसने खरोखर पाहिला.

कोयनेत पाणी भरल्याने पृथ्वी मंदावते का?

चीनच्या थ्री गॉर्जेसमध्ये ४० घन किलोमीटर पाणी, त्याने दिवस ०.०६ मायक्रोसेकंदांनी लांबतो असं गणित आहे. कोयनेत ३ घन किलोमीटर. तुम्हीच ठरवा. कोयनेच्या पाण्याचा आणि तिथल्या भूकंपांचा संबंध हा मोठा आणि खरा विषय आहे, पण तो दाबाचा आणि खडकात मुरणाऱ्या पाण्याचा.

श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रात खड्डा आहे, तो हाच का?

नाही. तिथे समुद्राची सरासरी पातळी अपेक्षेपेक्षा १०६ मीटर खाली आहे, कारण खाली गुरुत्वाकर्षण कमी. पण तो कोट्यवधी वर्षांचा, जागेवर बसलेला फरक. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी २०२३ मध्ये त्याचं मूळ आफ्रिकेखालून येणाऱ्या गरम, हलक्या खडकात दाखवलं. आपण इथे बोलतोय ते महिन्या-वर्षाच्या बदलाबद्दल.

पृथ्वी मंदावतेय तर मग "सगळ्यात लहान दिवस" अशा बातम्या कशा?

शतकाचा कल वेगळा, एखादा दिवस वेगळा. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान होता, त्यात गाभा आणि वारा यांचा हात. म्हणूनच ३१ डिसेंबर २०१६ नंतर एकही लीप सेकंद, म्हणजे घड्याळं पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घालतात तो जादा सेकंद, घालावा लागलेला नाही, आपल्याकडे तो १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी आला होता. २०३५ पर्यंत ही पद्धतच बंद करायचं ठरलंय.

मला स्वतः बघायचंय, डेटा मिळतो का?

फुकट. ग्रेसचे मासिक आकडे जेपीएल, टेक्सास विद्यापीठ आणि जर्मनीचं जीएफझेड या तिघांकडे आहेत, तिघांचे थोडे वेगळे येतात, घाबरू नका. पण सुरुवात तिथून करू नका. आधी आंतरराष्ट्रीय पृथ्वी परिवलन सेवेची सी-०४ नावाची फाइल घ्या, १९६२ पासून रोजची ध्रुवाची जागा आणि दिवसाची लांबी त्यात आहे, साधी मजकुराची फाइल. ध्रुवाचे एक्स आणि वाय हे दोन कॉलम एक्सेलमध्ये टाका, सलग साडेसहा वर्षांचे बिंदू जोडा. वर्षाची आणि ४३३ दिवसांची डुलणी एकमेकांत मिसळून गोल आधी मोठे होत जातात, मग लहान. चकली उमटते स्क्रीनवर. मग पुढच्या साडेसहा वर्षांची काढा आणि दोन्ही चकल्यांचे मधले बिंदू एकावर एक येतात का ते बघा.